सरकवा, पालटा, फिरवा : सहावी ते आठवीला भौमितिक रूपांतरणं शिकवताना

आठवीच्या वर्गात फळ्यावर (३, २) हा बिंदू लिहा आणि विचारा, "एक्स-अक्ष हा आरसा धरला, तर याची प्रतिमा कुठे पडेल?" हमखास दोन-चार मुलं सांगतात, (–३, २). 'एक्स' ऐकलं म्हणून एक्स-निर्देशकाचं चिन्ह बदललं, इतकं साधं आहे ते. या मुलांना नियम पाठ असतो, पण कुठला नियम कुठे लावायचा ते आठवत नाही. आणि आठवलं नाही, तर नियम पुन्हा शोधून काढायला डोळ्यांसमोर चित्रही नसतं. अक्ष आडवा आहे, बिंदू त्याच्या वर दोन घरं आहे, म्हणजे प्रतिमा खाली दोन घरं पडणार. एवढं दिसलं की चिन्हाचा गोंधळ होतच नाही.

म्हणून मी या विषयाचा, म्हणजे आकृती सरकवणं, पालटणं, फिरवणं या रूपांतरणांचा, क्रम असा धरते : आधी हाताने करून बघणं, मग त्याचं नाव, मग मोजमाप आणि अगदी शेवटी निर्देशकांचे नियम. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो, आणि माझ्या मते मुलांचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पिएर व्हॅन हील आणि डिना व्हॅन हील-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये हेच मांडलं होतं. मूल आधी आकृती नुसती ओळखतं, मग तिचे गुणधर्म पाहतं, आणि त्यानंतरच त्या गुणधर्मांचे एकमेकांशी असलेले संबंध लावू शकतं. मधली पायरी गाळली तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत हा विषय एका पाठात एकत्र सापडत नाही. सममिती सहावीत येते, एकरूपता पुढे, निर्देशक भूमिती नववीत आणि समरूपता दहावीत. केंब्रिज किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांमध्ये मात्र रूपांतरणांचं वेगळं प्रकरण असतं. अमेरिकेतल्या २०१० च्या 'कॉमन कोअर' अभ्यासक्रमात तर आठवीला एकरूपतेचा अर्थच रूपांतरणांवरून लावला आहे. तिकडे शिकणाऱ्या भाच्या-पुतण्यांचा अभ्यास घेताना आपल्याकडच्या पालकांना नवल वाटतं ते याचंच. शाळा कुठलीही असो, खालच्या पायऱ्यांना साधारण दहा-बारा तासिका लागतील. त्या सलग घ्यायलाच हव्यात असं नाही. सहावीला पहिल्या तीन-चार पायऱ्या, सातवीला घूर्णन (फिरवणं) आणि आठवीला निर्देशक अशी वाटणी केली तरी चालते.

तयारी

मुलांजवळ चौकटीची वही, पट्टी, गुण्या, कोनमापक आणि कंपास हवाच. वर्गासाठी ट्रेसिंग पेपरचे दोन-तीन मोठे ताव आणून त्यांचे वहीच्या पानाच्या निम्मे तुकडे करून ठेवा. ट्रेसिंग पेपर मिळाला नाही तर वह्यांना घालतो ती पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं आणि फळ्याचा मार्कर उत्तम काम देतात; पुसून पुन्हा वापरता येतात हा वरचा फायदा. एखादा छोटा आरसा आणि काचेची किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची एक पट्टीही ठेवा. आरशापलीकडचा कागद दिसत नाही. पारदर्शक पट्टी कागदावर उभी धरली, तर तिच्यात प्रतिमाही दिसते आणि पलीकडे पेन्सिलही नेता येते, त्यामुळे मूल प्रतिमा जिथे दिसते तिथेच गिरवू शकतं. काच वापरणार असाल तर कडांना चिकटपट्टी लावल्याशिवाय ती मुलांच्या हातात देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची निवड म्हणजे आकृती. चौरस, वर्तुळ, समभुज त्रिकोण या आकृत्या इथे नकोतच. चौरस पालटला, फिरवला, काहीही केलं तरी तसाच दिसतो. मग मुलाने काय केलं ते ना त्याला कळतं, ना आपल्याला. मी पताका वापरते : उभी काठी आणि वरच्या भागाला उजवीकडे त्रिकोणी कापड. ती पालटली की कापड डावीकडे जातं, फिरवली की काठी आडवी होते. चूक झाली तर लांबूनही दिसते. या लेखभर एकच पताका घेऊ. काठीचा तळ त (१, १), काठीचा शेंडा श (१, ४), कापडाचं टोक ट (३, ३) आणि कापड काठीला जिथे खाली बांधलं आहे तो बिंदू म (१, २). हे निर्देशक सध्या शिक्षकाच्या टिपणवहीत राहू द्या. पहिल्या तासांना मुलांना त्यांची गरज नाही.

पायरी १ : जमिनीवर

व्हरांड्यात चौकोनी फरशी असेल तर आयताच आलेख कागद मिळाला. नसेल तर मैदानात फक्कीने चौकटी आखून घ्या. चार मुलांना पताकेचे चार बिंदू करा आणि त्यांच्या हातात सुतळी द्या, म्हणजे आकृती दिसेल. मग सांगा, "सगळ्यांनी तीन फरश्या उजवीकडे, एक फरशी पुढे." चौघंही सारखंच चालले, सुतळी कुठेही ढिली पडली नाही की ताणली गेली नाही. हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. मग एकाला मुद्दाम चार फरश्या चालायला लावा. सुतळी ताणली जाते, आकृती बिघडते. प्रत्येक बिंदू सारखाच हलला तरच आकृती टिकते, हे सांगायला यापेक्षा चांगला फळा नाही.

याच जागी मध्ये एक दोरी आडवी ताणा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक मुलाचा 'जोडीदार' उभा करा. अट एकच : दोरीपासून तू जितका लांब, तितकाच तो लांब, आणि तुमच्या दोघांना जोडणारी रेघ दोरीला काटकोनात छेदली पाहिजे. आता पहिल्या गटातल्या एकाला एक पाऊल दोरीकडे यायला सांगा. जोडीदाराने कुठे जायचं? मुलं ओरडून सांगतात. घूर्णन मैदानावर घेऊ नये असं माझं मत आहे. मोठ्या वर्गात ढकलाढकली होते आणि कोन कुणालाच नीट दिसत नाही.

पायरी २ : कागद उलटा करावा लागला का?

वर्गात परत आल्यावर प्रत्येकाने वहीत पताका काढायची आणि ती ट्रेसिंग पेपरवर गिरवून घ्यायची. तुम्ही आधीच एका पानावर पताका आणि तिच्या सात-आठ प्रतिमा वेगवेगळ्या जागी काढून ठेवा : काही नुसत्या सरकलेल्या, काही फिरलेल्या, काही पालटलेल्या. मुलांचं काम ट्रेसिंग पेपरवरची पताका प्रत्येक प्रतिमेवर तंतोतंत बसवणं एवढंच.

इथे त्यांना एक गोष्ट स्वतःच सापडते. काही प्रतिमांवर कागद नुसता सरकवून किंवा फिरवून बसतो. काहींवर कितीही फिरवला तरी बसत नाही, तो उलटाच करावा लागतो. हा फरक पुढे कायम उपयोगी पडतो. चित्र पाहून 'हे घूर्णन की परावर्तन' असा संभ्रम झाला की मुलाला एवढंच विचारा, "कागद उलटा करावा लागला का?"

हे झाल्यावरच नावं द्या. सरकवणं म्हणजे स्थानांतरण, पालटणं म्हणजे परावर्तन, फिरवणं म्हणजे घूर्णन. मूळ आकृतीतला बिंदू त असेल तर प्रतिमेतला त′, हेही आत्ताच सांगा आणि त्याबाबत शेवटपर्यंत कडक राहा. अक्षरं घातली नाहीत तर कुठला बिंदू कुठे गेला हे मुलं सांगूच शकत नाहीत.

पायरी ३ : स्थानांतरण

हा भाग सोपा आहे, फार रेंगाळू नका. एक तासिका पुरे. एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक वर्गात होते. "पताका चार घरं उजवीकडे न्या," म्हटलं की काही मुलं मूळ कापडाचं टोक आणि नवी काठी यांच्यामध्ये चार घरं मोकळी सोडतात. आपल्या पताकेचं टोक उभ्या ओळ ३ वर आहे, म्हणून ही मुलं नवी काठी ओळ ७ वर काढतात. प्रत्यक्षात मूळ काठी ओळ १ वर होती, ती ओळ ५ वर यायला हवी. मुलाने काठी सहा घरं सरकवली आहे. दुरुस्ती करायची तर उत्तर सांगू नका. त्याला त वर बोट ठेवायला सांगा, आणि त′ वर पोचेपर्यंत घरं मोजायला सांगा. बिंदूपासून त्याच्याच प्रतिमेपर्यंत मोजायचं, आकृतींमधली मोकळी जागा मोजायची नाही.

पैठणीचा काठ हे स्थानांतरणाचं आपल्या घरातलं उदाहरण. काठाचा फोटो दाखवून विचारा, एकच नक्षी किती अंतराने पुन्हा येते? सगळे मोर एकाच दिशेला बघत असतील तर नुसतं स्थानांतरण आहे. जोडीजोडीने समोरासमोर असतील तर त्यात परावर्तनही आलं. हुशार मुलांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की पट्टीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे, सममितीच्या दृष्टीने, फक्त ७ प्रकार संभवतात; आणि सबंध पृष्ठभाग भरून टाकणाऱ्या नक्षीचे १७. हे १७ प्रकार रशियन गणिती फ्योदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले.

पायरी ४ : परावर्तन, आणि खरी परीक्षा म्हणजे तिरका आरसा

इथे वेळ द्या. तीन तासिका गेल्या तरी हरकत नाही.

सुरुवात कोऱ्या कागदाने करा, चौकटीच्या नव्हे. कागदावर कुठेही, कशीही तिरकी घडी घालायची. घडी उलगडून तिच्या एका बाजूला पताका काढायची. पुन्हा घडी घालून कंपासच्या टोकाने त, श, ट आणि म या बिंदूंवर आरपार टोचायचं. कागद उघडला की पलीकडे चार भोकं दिसतात. ती जोडली की प्रतिमा तयार. आता त आणि त′ पट्टीने जोडा, तसंच श आणि श′, ट आणि ट′. घडीपाशी काय होतंय?

एवढं सांगून गप्प बसा. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच,

"बाई, घडी बरोबर मध्ये येतेय."

"कशावरून?"

"मोजलं. इकडे अडीच, तिकडे अडीच."

"आणखी काय दिसतं? गुण्या लावून बघ."

"काटकोन आहे! सगळ्यांचा काटकोन आहे!"

परावर्तनाचं सगळं सार या दोन वाक्यांत आहे. आरशाची रेषा ही बिंदू आणि त्याची प्रतिमा यांना जोडणाऱ्या रेषाखंडाची लंबदुभाजक असते. मुलं लंबदुभाजक आधीपासून काढतात, पण तो कशासाठी काढतो हे त्यांना इथे पहिल्यांदा कळतं.

आता चौकटीची वही उघडा. आधी उभा आरसा, मग आडवा, मग चौकटींच्या कर्णावरून जाणारा तिरका. उभ्या-आडव्यात सगळ्यांना जमतं. तिरक्यात बरीच मुलं चुकतात, कारण ती सवयीने आडवीच घरं मोजतात : आरशापर्यंत आडवी तीन घरं, मग पलीकडे आडवी तीन घरं. अशी प्रतिमा तिरपी, ओढल्यासारखी दिसते. मुलाला ट्रेसिंग पेपर लावून बघायला सांगा, बसणार नाही. मग विचारा, "तू ज्या वाटेने गेलास ती आरशाला काटकोनात आहे का?" कर्णाच्या आरशाला काटकोन म्हणजे दुसऱ्या दिशेचा कर्ण, म्हणून इथे घरंही कर्णावरून मोजायची. आरसा असा तिरका असेल की तो चौकटींच्या कोपऱ्यांतून जातच नाही, तर मोजणं सोडा आणि गुण्या वापरा.

आणखी दोन ठिकाणं सुटू देऊ नका. एक, आरसा आकृतीच्या मधून जात असेल तर. मुलांना वाटतं, प्रतिमा अख्खीच पलीकडे पडणार. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे भाग एकमेकांच्या जागी जातात आणि आरशावरचे बिंदू जिथल्या तिथे राहतात. पताकेची काठीच आरसा धरा : त, श, म हलत नाहीत, फक्त ट पलीकडे जातो. दोन, आयताचा कर्ण. "कर्णाने आयताचे दोन एकरूप त्रिकोण होतात, म्हणजे कर्ण हा सममिती अक्ष," हा समज फार पक्का असतो. प्रत्येकाला वहीचं एक पान कर्णावर घडी घालायला द्या. कोपरे जुळत नाहीत. समांतरभुज चौकोनालाही हेच लागू. चौरस आणि समभुज चौकोन यांचे कर्ण मात्र अक्ष असतात. का, ते त्यांनाच शोधू द्या.

इंग्रजी मोठ्या अक्षरांचा खेळही याच तासाला घ्या. एच, आय, ओ, एक्स यांना उभा आणि आडवा, दोन्ही अक्ष आहेत. एन, एस आणि झेड यांना एकही नाही, तरी बरीच मुलं आहे म्हणतात. त्यांना जी सममिती जाणवते ती घूर्णनाची. अर्धा फेरा दिला की अक्षर जुळतं. पुढच्या पायरीला इथूनच वाट मिळते.

पायरी ५ : घूर्णन

परावर्तनाला एक रेषा पुरते. घूर्णनाला तीन गोष्टी लागतात : कशाभोवती, किती अंशातून आणि कुठल्या दिशेने. मुलं "९०° फिरवलं" एवढंच लिहितात. केंद्र लिहिलं नाही तर उत्तर अपुरं, दिशा लिहिली नाही तर अपुरं, हे पहिल्या दिवसापासून वहीत लाल शाईने दिसलं पाहिजे.

ट्रेसिंग पेपरवर पताका गिरवा, आणि केंद्रापासून सरळ वर जाणारी एक रेघही काढा. केंद्रावर कंपासचं टोक टेकवून कागद फिरवा. ती रेघ घड्याळाच्या काट्यासारखी कोन दाखवते : वरून डावीकडे आडवी झाली म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने ९०°, सरळ खाली गेली म्हणजे १८०°. ही एक रेघ नसेल तर मुलं आकृती किती फिरली याचा अंदाज डोळ्यांनी घेतात आणि चुकतात.

केंद्र आधी काठीच्या तळाशी ठेवा, मग कापडाच्या टोकाशी, मग आकृतीच्या पूर्ण बाहेर. बाहेरचं केंद्र मुलांना जड जातं. केंद्र कुठेही दिलं तरी त्यांचा हात पताका जिथल्या तिथे फिरवायला जातो. म्हणून इथे कंपास काढा. केंद्रावर टोक, त वर पेन्सिल, आणि कमान ओढा. श साठी तेच, ट साठी तेच. तिन्ही कमानी एकाच केंद्राच्या, पण वेगवेगळ्या त्रिज्यांच्या आहेत. केंद्रापासून लांबचा बिंदू जास्त चालतो, पण सगळे सारख्याच कोनातून फिरतात. त्या कमानी वहीत तशाच राहू द्या; नीटनेटकेपणासाठी खोडायला लावू नका.

सातवी-आठवीच्या तरबेज मुलांसाठी उलटा प्रश्न ठेवा : पताका आणि तिची फिरलेली प्रतिमा दिली आहे, केंद्र शोधा. त आणि त′ दोघंही केंद्रापासून सारख्याच अंतरावर, म्हणून केंद्र त्यांच्या लंबदुभाजकावर. श आणि श′ चाही लंबदुभाजक काढा. दोन्ही जिथे छेदतात ते केंद्र. अडीच-अडीच मोजणाऱ्या मुलाला आपणच शोधलेली गोष्ट इथे पुन्हा भेटते.

पायरी ६ : आता निर्देशक

आता कुठे पताकेचे निर्देशक फळ्यावर येतात. नियम लिहून देऊ नका. चार स्तंभांचा तक्ता करा : मूळ बिंदू, वाय-अक्षात परावर्तन, एक्स-अक्षात परावर्तन, आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या विरुद्ध दिशेने ९०°. मुलांनी आकृत्या काढून तक्ता भरायचा.

त (१, १) : (–१, १), (१, –१), (–१, १)
श (१, ४) : (–१, ४), (१, –४), (–४, १)
ट (३, ३) : (–३, ३), (३, –३), (–३, ३)
म (१, २) : (–१, २), (१, –२), (–२, १)

तक्ता नीट पाहा. त आणि ट या दोन बिंदूंसाठी दुसरा आणि चौथा स्तंभ सारखेच आहेत. ज्या मुलाने फक्त हे दोन बिंदू तपासले, त्याला वाटेल की वाय-अक्षातलं परावर्तन आणि ९०° चं घूर्णन एकच. श पाहिला की फरक उघड होतो. वर्गाला विचारा, असं का झालं? त आणि ट यांचे दोन्ही निर्देशक सारखे आहेत, म्हणून अदलाबदल झाली तरी कळत नाही. यातून सवय लावायची ती अशी : एका रेषेत नसलेले किमान तीन बिंदू तपासल्याशिवाय नाव ठरवायचं नाही.

नियम मग मुलंच सांगतात. बिंदू (अ, ब) असेल तर वाय-अक्षात (–अ, ब), एक्स-अक्षात (अ, –ब), विरुद्ध दिशेने ९०° ला (–ब, अ), घड्याळाच्या दिशेने ९०° ला (ब, –अ), आणि अर्ध्या फेऱ्याला (–अ, –ब). नियम विसरला तर काय करायचं हेही त्यांना ठाऊक असतं : (४, १) सारखा एक सोपा बिंदू घ्यायचा आणि चित्र काढायचं. घूर्णनाचे हे नियम केंद्र आरंभबिंदूवर असतानाच चालतात, हे मात्र स्पष्ट सांगा. केंद्र दुसरीकडे असताना हेच नियम लावणं ही आठवीतली नेहमीची चूक.

शाळेत संगणक असेल तर जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर इथे आणा, आधी नाही. आरशाची रेषा माऊसने ओढली की प्रतिमा सोबत हलते, आणि कागदावर तासभर लागणारं मिनिटात दिसतं. पण ज्या हाताने कागद टोचलेला नाही त्याला ते नुसतं हलतं चित्र वाटतं.

पायरी ७ : एकापाठोपाठ दोन

ही पायरी वगळली जाते आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण या विषयातलं सगळ्यात सुंदर गणित इथे आहे.

(३, १) हा बिंदू आधी आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या विरुद्ध दिशेने ९०° फिरवा, मग एक्स-अक्षात पालटा : (–१, ३), मग (–१, –३). आता क्रम बदला, आधी पालटा, मग फिरवा : (३, –१), मग (१, ३). उत्तरं वेगळी. बेरीज-गुणाकारात क्रम बदलला तरी चालतं अशी सवय असलेल्या मुलांना हा धक्का असतो, बसू द्या.

मग दोन समांतर आरसे घ्या. एक उभी रेषा २ वर, दुसरी ५ वर. (१, १) पहिल्यात पालटला की (३, १), तो दुसऱ्यात पालटला की (७, १). दुसरा कुठलाही बिंदू घ्या, (०, ४) घ्या : (४, ४), मग (६, ४). दर वेळी बिंदू सहा घरं उजवीकडे गेला, आणि आरशांमधलं अंतर तीन. दोनदा पालटलं, आणि झालं स्थानांतरण, तेही आरशांमधल्या अंतराच्या दुप्पट. कागद दोनदा उलटला म्हणजे सुलटाच झाला, हे पायरी २ वरून मुलं ताडतात.

आरसे एकमेकांना छेदणारे असतील तर? कर्णावरचा आरसा (अ, ब) ला (ब, अ) करतो, आणि त्यानंतर वाय-अक्ष त्याला (–ब, अ) करतो. हा तर ९०° च्या घूर्णनाचा नियम! दोन आरशांमधला कोन ४५° होता, घूर्णन झालं त्याच्या दुप्पट. वर्गात एखादा तरी चेहरा या क्षणी उजळतो.

पायरी ८ : एकरूपता आणि समरूपता यांच्याशी जोड

तिन्ही रूपांतरणांत बाजूंची लांबी आणि कोन बदलत नाहीत, म्हणून प्रतिमा मूळ आकृतीशी एकरूप. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपण जिला बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी म्हणतो ती सिद्ध केली, ती एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवल्याची कल्पना करूनच. मुलांनी ट्रेसिंग पेपरने हेच केलं आहे. कसोट्या शिकवताना याची आठवण द्या, बाबाबा आणि कोबाको पाठांतराचे राहत नाहीत.

चौथं रूपांतरण म्हणजे विस्तारण. आरंभबिंदू केंद्र धरून पताका दुप्पट करा : त (२, २), श (२, ८), ट (६, ६), म (२, ४). काठी ३ ची ६ झाली. कोन तसेच राहिले. कापडाचं क्षेत्रफळ? "दुप्पट" असं उत्तर येईल. मोजायला लावा : आधी पाया २, उंची २, क्षेत्रफळ २, आता पाया ४, उंची ४, क्षेत्रफळ ८. चौपट. मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा करतो ते विस्तारण. फोटो एकाच बाजूने ताणून चेहरे रुंद होतात ते नव्हे, हे मुलांना लगेच पटतं.

पडताळणी : रांगोळी आणि तीन प्रश्न

प्रकल्प म्हणून मी ठिपक्यांची रांगोळी देते, कारण ठिपके म्हणजे आखीव जाळं. निम्म्या वर्गाला ५ ते ५, म्हणजे चौकोनी ठिपके. उरलेल्यांना ७ ते ४. मधल्या ओळीत ७, तिच्या वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मध्ये येतील असे ६, मग ५, मग ४. एकूण ३७ ठिपके आणि बाहेरून षटकोन. पहिल्या जाळ्यावरची रांगोळी ९०° च्या टप्प्याने जुळवता येते, एका फेऱ्यात चार वेळा. दुसऱ्या जाळ्यावरची ६०° च्या टप्प्याने, सहा वेळा. मुलांनी एकच पाकळी काढायची आणि बाकी सगळी रांगोळी ट्रेसिंग पेपर फिरवून पूर्ण करायची. मग रंग भरायचे. सहा पाकळ्यांत लाल-पिवळा आलटून पालटून भरला की विचारा, आता किती वेळा जुळते? रंगही जुळायला हवेत, म्हणून तीनच वेळा. रंगाने सममिती निम्मी झाली, हे ज्याला स्वतःहून सांगता आलं त्याला घूर्णन सममिती समजली.

लेखी परीक्षेत तीन प्रकारचे प्रश्न ठेवा. पहिला, आकृती आणि प्रतिमा देऊन रूपांतरणाचं पूर्ण वर्णन मागा. नावाला एक गुण, आणि रेषा किंवा केंद्र-कोन-दिशा यांना वेगळे गुण. दुसरा, एक चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या, तिरक्या आरशात आडवी घरं मोजलेलं, आणि चूक शोधून दुरुस्त करायला सांगा. तिसरा, (२, ५) ची प्रतिमा (–५, २) आहे असं सांगून विचारा, हे कुठलं रूपांतरण असू शकेल? आरंभबिंदूभोवती विरुद्ध दिशेने ९०° हे एक उत्तर. डावीकडे सात, खाली तीन असं स्थानांतरण हे दुसरं. या दोन बिंदूंच्या लंबदुभाजकात परावर्तन हे तिसरं. एकच बिंदू दिला असताना तिन्ही बरोबर आहेत, आणि तिन्हींना पूर्ण गुण द्या.